औषधावरचा शेवटचा हात
(प्रस्तावना)

औषधांच्या कारखान्यात पॅकिंग विभागाला फारसा मान नसतो. ग्रॅन्युलेशन, कॉम्प्रेशन, कोटिंग ही खरी कामे. गोळी तयार झाली की औषध तयार झाले, पुढे उरते ती बांधाबांध, असा समज वर्षानुवर्षे मुरला आहे. नवा माणूस आला, हंगामी आला, कंत्राटी आला की त्याला आधी पॅकिंगला लावतात. पगार तिथे सर्वांत कमी, माणसांची ये-जा तिथे सर्वांत जास्त आणि शिकवणे सर्वांत थोडे. पॅकिंगच्या प्रशिक्षणावरच्या या पुस्तिकेने हा समज खोडून काढायचे मनावर घेतले आहे, म्हणून तिची ओळख करून देण्याचे काम मी आनंदाने स्वीकारले.

गोळीत काय आहे हे रुग्णाला तपासता येत नाही. डॉक्टरांना येत नाही, औषधाच्या दुकानदारालाही येत नाही. तिघेही भरवसा ठेवतात तो स्ट्रिपवर छापलेल्या नावावर, बॅच क्रमांकावर, मुदतीच्या तारखेवर आणि अखंड फॉइलवर. या सगळ्या गोष्टी पॅकिंगच्या टेबलावर ठरतात. औषधावरचा शेवटचा हात पॅकिंगच्या माणसाचा असतो, आणि त्यानंतर थेट रुग्णाचा.

पुस्तिका सेवाग्रामात आकाराला आली, हे मला योग्य वाटते. औषधाच्या वेष्टणाने माणसाचे आयुष्य कसे बदलते, हे या परिसराने कुष्ठरोगाच्या बाबतीत अगदी जवळून पाहिले आहे. गांधीजी 1936मध्ये वर्ध्याजवळच्या शेगावला राहायला आले. त्या गावाला सेवाग्राम हे नाव मिळाले 1940मध्ये. त्याच 1936 साली मनोहरजी दिवाणांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठरुग्णांसाठी काम उभे केले. 1939मध्ये संस्कृतचे पंडित परचुरेशास्त्री कुष्ठरोग घेऊन आश्रमात आले. गांधीजींनी त्यांना ठेवून घेतले, स्वतःच्या हातांनी त्यांच्या अंगाला मालिश केली. सेवा होती, माया होती. खात्रीचे औषध मात्र तेव्हा कुणाकडेच नव्हते.

पुढे डॅप्सोन हे औषध आले. 1951मध्ये वर्ध्याला गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशन स्थापन झाले आणि डॉ. वर्देकरांनी सेवाग्रामच्या आसपासच्या गावांत घरोघर पाहणी, लोकशिक्षण आणि उपचार यांची सांगड घातली. रुग्णाने दवाखान्यात यायची वाट न पाहता कार्यकर्त्याने त्याच्या दारी जायचे, ही पद्धत पुढे देशभर गेली. पण डॅप्सोन वर्षानुवर्षे घ्यावे लागे. गोळ्या मोजून हातावर ठेवल्या जात. चट्टा फिका पडला, थोडे बरे वाटले की माणूस गोळी सोडून देई. शेतीच्या दिवसांत विसरून जाई. कुणी घरातल्या दुसऱ्या रुग्णाबरोबर वाटून घेई. एकटे औषध, तेही तुटक घेतलेले. जंतू त्याला दाद देईनासे झाले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी 1981मध्ये एकाच वेळी अनेक औषधे देण्याची शिफारस केली: रिफाम्पिसिन, क्लोफाझिमिन आणि डॅप्सोन. हा बहुविध औषधोपचार देशात ज्या जिल्ह्यांत सर्वांत आधी सुरू झाला, त्यांत वर्धा होता. पण उपचार कागदावर सुटसुटीत दिसला तरी गावात तो अवघड होता. पहिल्या दिवशी मोठा डोस, तोही आरोग्य कर्मचाऱ्यासमोर. नंतरचे 27 दिवस छोटा डोस, घरी. तीन औषधे, त्यांतल्या एकाच्या दोन वेगवेगळ्या मात्रा. अक्षरओळख नसलेल्या शेतमजुराने हे लक्षात कसे ठेवायचे?

याचे उत्तर एका वेष्टणाने दिले. अठ्ठावीस दिवसांचे एक ब्लिस्टर कार्ड तयार झाले. प्रौढांच्या जास्त जंतू असलेल्या प्रकारासाठी लाल कार्ड, कमी जंतू असलेल्या प्रकारासाठी हिरवे. लहान मुलांची वेगळी. लाल कार्डावर पहिल्या दिवसाचा डोस एकत्र: 600 मिलिग्रॅम रिफाम्पिसिन, 300 मिलिग्रॅम क्लोफाझिमिन, 100 मिलिग्रॅम डॅप्सोन. त्यापुढे दिवसांच्या क्रमाने रोजचे 50 मिलिग्रॅम क्लोफाझिमिन आणि 100 मिलिग्रॅम डॅप्सोन. वाचता येत नसले तरी बोट ठेवून कळते की आज कुठपर्यंत आलो. कर्मचारी पुढच्या महिन्याचे कार्ड द्यायला आला की आधीचे कार्ड बघून त्याला समजते, किती दिवस चुकले. लाल कार्डे बारा, हिरवी सहा. तेवढी संपली की उपचार संपला. जो रोग माणसाला जन्मभर गावाबाहेर ठेवायचा, त्याच्या उपचाराचा हिशेब असा कार्डांवर मांडता येऊ लागला.

हे कार्ड कारखान्यात भरणाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. एका कार्डावर तीन औषधे. क्लोफाझिमिनच्या दोन मात्रांच्या कॅप्सूल, एक 100 मिलिग्रॅमची आणि एक 50ची. एखाद्या कप्प्यात चुकीची कॅप्सूल गेली किंवा कप्पा रिकामाच सील झाला, तर ती चूक सापडण्याची शेवटची जागा म्हणजे त्या माणसाचे डोळे. नंतर ते कार्ड कुठल्याशा वस्तीवर जाते आणि तिथे कुणी तपासायला नसते.

शिकवण्याचे काम कारखान्याच्या फाटकावरही संपत नाही. क्लोफाझिमिनने कातडी काळपट-तांबूस होते. हे आधी सांगितले नाही तर रुग्णाला वाटते औषधच वाईट आहे, आणि तो कार्ड अर्ध्यावर टाकतो. शिवाय उपचारही बदलतो. कमी जंतूंच्या प्रकारालाही तिन्ही औषधे द्यावीत अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने 2018मध्ये केली. भारताने 2025पासून ती अमलात आणायचे ठरवले. पाकिटातली औषधे बदलली की पॅकिंगच्या ओळीवर, गोदामात, प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि आशा ताईंच्या बैठकीत सगळीकडे नव्याने शिकवावे लागते. पुस्तिकेत कारखान्याबरोबर रुग्णालयाच्या औषध विभागालाही जागा दिली आहे, ती याचसाठी.

आता हवेकडे वळू. मे महिन्यात वर्ध्याचा पारा 45 अंशांच्या पुढे जातो. पत्र्याच्या छपराखाली ठेवलेल्या पेटीत त्याहून जास्त. जून संपता संपता तीच हवा दमट होते. औषधाच्या लेबलावर मात्र 30 अंशांखाली ठेवा, कोरड्या जागी ठेवा असे छापलेले असते. कारखान्यात औषध वेष्टणासकट 40 अंश तापमानात आणि 75 टक्के आर्द्रतेत सहा महिने ठेवून तपासतात, कारण औषध टिकते ते वेष्टणाच्या जोरावर. साधा पीव्हीसी ब्लिस्टर बाष्प बऱ्यापैकी आत येऊ देतो. पीव्हीडीसीचा थर दिला की ते कमी होते. दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियम असलेला ब्लिस्टर, ज्याला सगळे अलू-अलू म्हणतात, तो बाष्प आणि उजेड दोन्ही जवळजवळ पूर्ण अडवतो; पण महाग पडतो आणि आतली गोळी दिसत नाही. कुठल्या गोळीला काय लागते, हे ठरवणे तज्ज्ञांचे काम आहे. ठरलेले निष्फळ होऊ न देणे हे मशीनवरच्या माणसाचे. ॲस्पिरिनला ओल लागली की गोळी विघटित होते आणि स्ट्रिप उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. हा वास प्रत्येक पॅकिंग कामगाराने एकदा स्वतः घ्यावा, म्हणजे सील म्हणजे काय हे दहा तक्त्यांपेक्षा लवकर कळेल.

सील ठरते तीन गोष्टींवर: तापमान, दाब आणि मशीनचा वेग. पाळी संपत आली, टार्गेट राहिले, की हात वेगाच्या बटणाकडे जातो. वेग वाढतो, फॉइलला उष्णता कमी वेळ मिळते, सील वरून छान दिसते आणि कडेला केसाएवढी वाट उघडी राहते. ती डोळ्यांना दिसत नाही. म्हणून लीक टेस्ट. स्ट्रिपा निळ्या रंगाच्या पाण्यात बुडवायच्या. त्यात मिथिलीन ब्लू असते. काचेचे झाकण लावून आतली हवा खेचायची, थोडा वेळ थांबायचे, हवा परत सोडायची. स्ट्रिपा बाहेर काढून कोरड्या पुसायच्या आणि एकेक कप्पा उघडून पाहायचा. गोळी पांढरीशुभ्र, कप्पा कोरडा, तर ठीक. एका कप्प्यात निळा ठिपका दिसला, तर मशीन थांबवायचे.

आणि प्रश्न येतो तो इथेच. मशीन थांबवून त्या एका स्ट्रिपेला बाजूला काढणे पुरेसे नाही. आधीची तपासणी बरोबर निघाली होती तिथपासून आतापर्यंत निघालेला सगळा माल वेगळा ठेवावा लागतो, पुन्हा तपासावा लागतो, कधी कधी नष्ट करावा लागतो. एका निळ्या ठिपक्यापायी हजारो स्ट्रिपा. ज्याला कारण माहीत नाही त्याला हा मूर्खपणा वाटतो, आणि दुसऱ्यांदा ठिपका दिसला की तो नजर दुसरीकडे वळवतो. ज्याने ओल लागलेल्या गोळीचा वास घेतला आहे, तो वळवत नाही. पुस्तिकेच्या लेखकाने लीक टेस्टच्या प्रकरणाला सर्वांत जास्त पाने दिली आहेत, ती मला पटतात.

लाइन क्लिअरन्सचेही तसेच. एक बॅच संपली, दुसरी सुरू व्हायची, की मधल्या वेळात ओळ पूर्ण मोकळी करायची. हॉपरमध्ये, पट्ट्याखाली, कचऱ्याच्या पिशवीत, टेबलाच्या खणात आधीच्या बॅचची एक गोळी, एक लीफलेट, एक कार्टनसुद्धा राहता कामा नये. मग हिशेब: किती कार्टन स्टोअरमधून आले, किती वापरले, किती खराब झाले, किती परत गेले. बेरीज जुळली पाहिजे. जुळली नाही तर तो आकड्यांचा घोळ समजून पुढे जायचे नसते. हिशेबात एक कार्टन कमी याचा अर्थ, कुठेतरी चुकीच्या नावाच्या डब्यात चुकीचे औषध जाण्याची शक्यता उघडी आहे. रक्तदाबाची आणि मधुमेहाची गोळी दिसायला सारखी असू शकते. म्हातारीला फरक कळतो तो फक्त डब्यावरून, आणि तोही रंगावरून.

सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने स्वस्त जेनेरिक औषधांचा आग्रह धरला, त्याचे मोल मी इथे मुद्दाम नोंदवतो. गरीब रुग्णाचा औषधाचा खर्च उतरला की त्याचा उपचार पूर्ण होतो. पण अशा औषधाच्या मनात भरणाऱ्या जाहिराती नसतात. साध्या स्ट्रिपेवर अक्षरे पुसट असली, तारीख तिरकी उमटली, फॉइल सुरकुतलेले असले की रुग्णाला वाटते, स्वस्त म्हणजे कमअस्सल. तो पुन्हा महाग औषधाकडे वळतो. स्वस्त औषधाचे पॅकिंग म्हणूनच महागाइतकेच काटेकोर हवे. काकणभर सरसच असावे.

वेष्टणाचा गैरवापर किती दूर जाऊ शकतो, हे आपण महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत पाहिले. एप्रिल 2021मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, बारामतीत पोलिसांनी एक टोळी पकडली. रेमडेसिविरच्या वापरून रिकाम्या झालेल्या कुप्या गोळा करून त्यांत पॅरासिटामॉल भरले जात होते. कुपी खरी, लेबल खरे, कंपनी खरी. आतले औषध खोटे. ती कुपी वापरल्यावर फोडून, लेबल खरवडून टाकली असती तर हा धंदा चालला नसता. रुग्णालयातल्या वॉर्डबॉयपासून नर्सपर्यंत सगळ्यांना रिकाम्या कुपीची विल्हेवाट शिकवणे हाही पॅकिंगच्या प्रशिक्षणाचा भाग आहे, असे पुस्तिका म्हणते. फार बरोबर म्हणते. अमेरिकेत 1982मध्ये शिकागोजवळ टायलेनॉल या औषधाच्या बाटल्यांत कुणीतरी सायनाइड मिसळले, सात माणसे गेली. त्यानंतर उघडल्याची खूण दिसेल असे सील तिथे सक्तीचे झाले. आपल्याकडे खूण दाखवणारे सील आहे, ते पाहायची सवय अजून नाही.

दुसरे उदाहरण आणखी जवळचे. नागपूर जिल्ह्यात कळमेश्वरच्या ग्रामीण रुग्णालयातून 2023मध्ये सिप्रोफ्लोक्सासिनचे नमुने घेतले गेले. तपासणीत गोळ्यांमध्ये औषधच नसल्याचे निघाले, आणि स्ट्रिपवर छापलेली कंपनी अस्तित्वातच नव्हती. सरकारी रुग्णालयाच्या कपाटापर्यंत ही स्ट्रिप पोचली, कारण वाटेतल्या प्रत्येकाने छापील अक्षरांवर नुसती नजर टाकली. ऑगस्ट 2023पासून ठरावीक 300 ब्रँडच्या औषधांवर क्यूआर कोड बंधनकारक झाला आहे. कोड छापण्याची यंत्रे आली. स्टोअरमध्ये माल उतरवून घेताना तो स्कॅन करून पाहणारा माणूस अजून सगळीकडे तयार झालेला नाही.

इथे एक मर्यादाही स्पष्ट सांगायला हवी. चांगले वेष्टण वाईट औषधाला चांगले करू शकत नाही. 1986मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात विषारी डायएथिलीन ग्लायकॉल असलेल्या ग्लिसरीनने 14 रुग्ण दगावले; न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने ती सगळी साखळी उघड केली. 2025च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छिंदवाड्याच्या भागातली लहान मुले खोकल्याच्या औषधातल्या त्याच रसायनाने गेली. त्यांतल्या अनेकांवर आपल्या नागपुरात उपचार चालू होते. बाटलीवर सगळे व्यवस्थित छापलेले होते. कच्च्या मालाचा ड्रम उतरवून घेताना त्याचे लेबल, त्याची प्रत, त्याची तपासणी हा वेगळा विषय आहे, आणि त्यावर अशीच एक पुस्तिका तातडीने लिहिली जायला हवी.

कायद्याची बाजू थोडक्यात. औषधांचा मूळ कायदा 1940चा, नियम 1945चे. कारखाना कसा असावा, हे सांगणारे शेड्यूल एम डिसेंबर 2023च्या अखेरीस पूर्ण नव्याने आले. 250 कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना सहा महिने मिळाले; लहान-मध्यम कारखान्यांची मुदत वाढत 2025च्या अखेरपर्यंत गेली. प्रशिक्षणाचा लेखी कार्यक्रम असावा, त्याच्या नोंदी असाव्यात, शिकलेले कितपत उतरले हे तपासावे, असे त्यात स्वच्छ म्हटले आहे. मुदतवाढ मागणाऱ्यांच्या अडचणी खऱ्या होत्या. हवा शुद्ध करणारी यंत्रणा बसवायला पैसा लागतो. पण कामगाराला कारण समजावून सांगायला फारसा पैसा लागत नाही, त्यासाठी मुदतवाढीची गरज नव्हती.

आज प्रशिक्षण बहुतेक ठिकाणी कसे होते? एका खोलीत पंचवीस माणसे बसतात. इंग्रजी स्लाइडी सरकत जातात. शेवटी रजिस्टर फिरते, सह्या होतात. तपासणी अधिकारी आला की ते रजिस्टर त्याच्यापुढे ठेवले जाते. मला याला प्रशिक्षण म्हणवत नाही. सही हा हजेरीचा पुरावा आहे, समजल्याचा नव्हे.

शिकवायचे कसे, याचाही एक धडा सेवाग्रामात आहे. ऑक्टोबर 1937मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, त्यातून नई तालीम ही शिक्षणपद्धती उभी राहिली आणि आशादेवी व आर्यनायकम् यांनी सेवाग्रामात ती चालवून दाखवली. मूल टकळीवर सूत कातायचे. कातता कातता सुताची लांबी, कापसाचे वजन, किती वाया गेले याचा हिशेब शिकायचे, आणि कापूस कुठे पिकतो, कुठे जातो हेही. हाताचे काम आणि त्यामागचे कारण एकाच वेळी. या पुस्तिकेतले धडे त्याच रीतीने बांधले आहेत. कामगाराच्या हातात दहा स्ट्रिपा द्या, त्यातल्या दोन मुद्दाम बिघडवलेल्या, आणि त्याला शोधू द्या. त्याच्याकडून लीक टेस्ट करून घ्या, बघत उभे करू नका. चुकीच्या तारखेचे कार्टन ओळीत सोडा आणि ते कुणी पकडले ते सर्वांसमोर सांगा. एखाद्या नर्सला, आशा ताईला बोलवा आणि त्यांना सांगू द्या की पुसट अक्षरांची स्ट्रिप खेड्यात गेल्यावर काय होते.

पुस्तिकेची भाषा मराठी आहे आणि ती कामाच्या ठिकाणी बोलली जाते तशी आहे. ब्लिस्टरला ब्लिस्टर, शिपरला शिपर. हे मला विशेष आवडले. माझी एकच तक्रार आहे: कंत्राटी कामगारांच्या बदलीबद्दल लेखकाने आणखी कडक लिहायला हवे होते. दर तीन महिन्यांनी माणसे बदलणाऱ्या कारखान्यात कितीही चांगले शिकवले तरी शिकलेला माणूस फाटकाबाहेर जातो आणि पॅकिंगच्या टेबलावर पुन्हा पहिला धडा सुरू होतो. व्यवस्थापनाने पॅकिंगची माणसे टिकवली नाहीत, तर या पुस्तिकेचा उपयोग निम्माच होईल.

सुपरवायझर मंडळींना माझी विनंती आहे. ही पुस्तिका कपाटात ठेवू नका. पाळी सुरू होताना रोज दहा मिनिटे, उभ्या उभ्या, एक पान मोठ्याने वाचा आणि वाचून झाल्यावर सगळ्यांत नव्या माणसाला विचारा, हे का करायचे. आणि निळा ठिपका दिसला म्हणून ज्याने मशीन थांबवले, त्याला त्या दिवशी टार्गेटबद्दल एक शब्दही बोलू नका.